पहिलं पिस्तूल : दोन लाखांची घाई आणि मुठीचं माप

सुरत : २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरल्यापासून सुरतेतल्या आपल्या खान्देशी वस्त्यांमध्ये खेळाची चौकशी वाढली आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इकडून ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात. त्यात एक प्रश्न अलीकडे वारंवार येतो : "पोरीला नेमबाजीत घालायचंय, पिस्तूल कोणतं घेऊ?" पैशांची सोयही फोनवरच सांगितली जाते. कुणाची भिशी उचलायची आहे, कुणी पगारावर उचल घेणार आहे.

उत्साहाचं कारण समजतं. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य घेतलं, दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र गटात दुसरं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये तिसरं आणलं. रेल्वेतला नोकरदार पोरगा ऑलिम्पिक पदक आणतो म्हटल्यावर आपल्याकडच्या आईबापांना वाटणारच. पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम आणि २०२६ च्या ग्लासगो, या दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांच्या यादीत नेमबाजी नाही. त्यामुळे निव्वळ २०३० च्या भरवशावर कुणी भिशी उचलू नये.

सुरत हे तसं टेबल टेनिसचं गाव. हरमीत देसाई, मानव ठक्कर इथलेच. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाल्या तेव्हाही टेबल टेनिस सुरतेला आलं आणि नेमबाजी अहमदाबादला गेली. टेबल टेनिसची बॅट घेतली, पोराला नाही जमलं, तर चुलत भावाला देऊन टाकता येते. पिस्तुलाचं तसं नाही. स्पर्धेचं आयात केलेलं एअर पिस्तूल लाखाच्या बरंच पुढे, दोन लाखांच्या आसपास जातं, आणि ते एका विशिष्ट हाताच्या मापाचं असतं.

आपल्या पट्ट्यात पिस्तूल म्हटलं की पहिला अर्थ वेगळाच निघतो. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीकडून आलेले गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आम्हीच देत असतो. घरातली म्हातारी माणसं या शब्दालाच बिचकतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून कायद्याचं आधी. १० मीटरच्या खेळाचं पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालतं, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत घेतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद पाच-सहा ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. एखादा दुकानदार "स्प्रिंग बदलून पॉवर वाढवून देतो" म्हणाला तर तिथून उठावं. ताकद वाढली म्हणून नेम सुधारत नाही, आणि २० ज्यूल ओलांडले की ती वस्तू परवान्याच्या कक्षेत जाते. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे.

२५ मीटरचं पॉइंट टू टू बोअरचं पिस्तूल हा वेगळा मामला. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ ला चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते या प्रकारात. त्याला परवाना लागतोच. सुरत शहरात पोलीस आयुक्तांकडे, आपल्याकडे नंदुरबार-धुळे-जळगावला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. २१ वर्षांखालच्याला नेहमीचा परवाना नाही, १२ वर्षं पूर्ण झालेल्यांना फक्त नेमबाजी शिकण्यापुरती नियमांत सोय आहे. पहिल्या दिवशी हा विचार करायचं काहीच कारण नाही.

आता खरा मुद्दा. दुकानात सगळे कंपनीचं नाव विचारतात. स्टेअर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ ही पाचही नावं जागतिक स्पर्धांत दिसतात आणि पाचांपैकी कोणतंही पिस्तूल नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक आहे. निवड बिघडते ती मुठीत.

हिशेब करून बघा. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. दहा मीटरवरून, एका हातानं, दुर्बिणीशिवाय. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ३३ सेंटीमीटर अंतर असतं. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर छर्रा सुमारे तीन सेंटीमीटर बाजूला जातो. वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर असतात, त्यामुळे दहाचा थेट सात. उलट माशी खाचेत बरोबर बसलेली आहे आणि अख्खा हातच पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो आणि दहा कायम राहतो. हात थोडा हलणारच, कुणाचाही हलतो. मनगट वाकायला नको. आणि मनगट सरळ ठेवायचं काम मूठ करते.

म्हणून घ्यायच्या आधीची परीक्षा अशी. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, हात सरळ करायचा, डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ जवळपास मापाची आहे. दरवेळी डावीकडेच किंवा वरच दिसत असेल तर मूठ चुकीची. मुठी लहान, मध्यम, मोठ्या आणि डाव्या-उजव्या हाताच्या वेगळ्या येतात. "वाढत्या वयाची आहे, एक माप मोठी घ्या" हे शाळेच्या बुटांना ठीक, इथे नाही.

मापाची मूठ मिळाली तरी ती पुढे घडवावी लागते. लाकडाची असते, कानस आणि पॉलिश पेपरनं घासता येते, खड्डा भरायला लाकडाची पुट्टी चालते. बोटांच्या मधे जागा राहते तिथे भर द्यायची, अंगठ्याच्या मुळाशी टोचतं तिथे घासायचं, आठवडाभर वापरायचं, मग पुन्हा. एकदम घासलेलं लाकूड परत येत नाही. हे काम प्रशिक्षकासमोर करावं. नियम इतकाच की मुठीचा कोणताही भाग मनगटाला टेकू देता कामा नये, पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि वजन दीड किलोच्या आत हवं. हिऱ्याच्या घंटीवर हातभर अंतरावरून पैलू जोखणारी माणसं ज्या शहरात आहेत, तिथे हे बारीक काम करणारा हात मिळणं अवघड नसावं.

वजनाचंही तेच. नियम दीड किलोचा असला तरी बहुतेक पिस्तुलं किलोभराची असतात. मुलीला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली एका हातात, हात सरळ, दहा-दहा सेकंद धरायला सांगा आणि साठ वेळा करायला लावा. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते पेलत नसेल तर आखूड नळीचं, हलकं मॉडेल बघावं किंवा सरळ सहा महिने क्लबचं पिस्तूल वापरावं.

ट्रिगरवर दुकानदार फार बोलतात, म्हणून दोन शब्द. किमान ५०० ग्रॅम दाब लागलाच पाहिजे. स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात. काठावर लावू नका, दहा-वीस ग्रॅम जास्त ठेवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ असतो, पण त्यात सर्किट आलं, बॅटरी आली. २०२१ ला टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला, बरीच मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्यासोबत प्रशिक्षक होते, तरी ही वेळ आली. उधन्याच्या मुलीनं साधा मेकॅनिकल ट्रिगर घ्यावा आणि दुरुस्ती कुठे होते, सुटा भाग किती दिवसांत येतो, हे दुकानदाराला बिल फाडायच्या आधी विचारावं.

पॅरिसच्या तुर्की युसूफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो दाखवून "काही लागत नाही हो" म्हणणारेही भेटतात. त्यानं खास नेमबाजीचा चष्मा लावला नव्हता, इतकंच. हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच होतं, आणि मागे कित्येक वर्षांचा सराव.

जुनं पिस्तूल घेणं वाईट नाही. मोठ्या खेळाडूंकडून बरी पिस्तुलं सुटतात. पण हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी बघा. त्यात २०० बार दाबाची हवा असते आणि त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात. मुदत संपलेलं नळकांडं स्पर्धेत चालत नाही आणि घरात ठेवणंही धोक्याचं. मूळ बिल आणि नंबर जुळवून घ्या. सवलतीत आयात केलेलं असेल तर ते विकण्याच्या अटी कागदावर वाचूनच पैसे द्या. स्वस्तात मिळतंय आणि बिल हरवलंय, असं कुणी म्हणालं तर आपला सीमेवरचा अनुभव आठवावा.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे शेवटी खातं मांडतोच. पिस्तूल ही भांडवली वस्तू. छर्रे, हवा, रेंजची फी, प्रशिक्षकाची फी, स्पर्धेचा प्रवास हा चालू खर्च. रोज शंभर छर्रे धरले तर पाचशेचा डबा पाच दिवसांत संपतो. महिन्यात पंचवीस दिवस सराव म्हणजे पाच डबे, वर्षाला साठ. यात वेगवेगळ्या छर्ऱ्यांतून आपल्या नळीला कोणते जुळतात ते तपासायचे डबे धरलेले नाहीत. दोन लाखांचं पिस्तूल आणि छर्ऱ्यांना पैसे नाहीत, ही अवस्था लूम घेतला आणि सुताला पैसे नाहीत तशी. भिशी उचलणाऱ्यांनी आकडा मांडताना पहिल्या वर्षाचा चालू खर्च आधी बाजूला काढावा. उरेल त्यात पिस्तूल.

बरं, सरावाचा मोठा भाग फुकट आहे. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत छर्रा न भरता ट्रिगर ओढायची सोय असते. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, माशी-खाच बघत, रोज अर्धा तास. क्लबचं पिस्तूल घरी मिळत नसेल तर हा सराव रेंजवरच लवकर जाऊन करता येतो. तीन महिने हे कंटाळवाणं काम जी मुलगी न सांगता करते, तिच्यासाठी पिस्तुलाचा विचार सुरू करायला हरकत नाही. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून आल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला लावू देऊ नका. हे लहान मुलांच्या बाबतीत ट्रिगरइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि दिवाळीत, लग्नसराईत सुरत-भुसावळ गाडीनं गावी येताना ते बरोबर आणू नका. परवाना लागत नाही हे खरं, पण नवापूरला डब्यात चढलेल्या पोलिसाला बॅगेतली वस्तू काय आहे हे समजावताना गाडी नंदुरबार सोडून जाईल. नेणं भागच असेल तर कडक पेटी, नळकांडं वेगळं काढलेलं, बिल आणि क्लबचं कार्ड सोबत. सुट्टीत पिस्तूल क्लबच्या कपाटात कुलपाखाली ठेवता येतं का, हे प्रवेशाचा फॉर्म भरतानाच विचारून घ्या.