मत मागणाऱ्यास हिशेब विचारा

विधानसभेची निवडणूक जवळ आली की आमच्या गावांत पाहुण्यांचा सुकाळ होतो. पाच वर्षांत ज्यांनी वेशीबाहेरच्या चिखलात पाय घातला नाही, ते गाडीतून उतरून थेट आमच्या ओट्यावर येऊन बसतात. म्हातारीच्या पाया पडतात, पोर कडेवर घेतात, कुंभाराच्या चाकाला हात लावून फोटो काढवितात आणि लोहाराला 'मामा' म्हणून हाक मारतात. रात्री ढाब्यावर पंगती उठतात, एखाद्या आळीत पाकिटेही फिरतात. पंधरा दिवस हा उरूस चालतो. मग गुलाल उधळला जातो, पाहुणे मुंबईस जातात आणि ओटा पुन्हा रिकामा. यात दोष पाहुण्यांचा आहेच. परंतु घरच्यांचाही कमी नाही. आम्ही पाहुण्यास चहा विचारतो, हिशेब विचारीत नाही.

हे मत आमच्या हाती कसे आले ते आम्ही विसरलो आहो. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात मराठे व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेविल्या. पण त्या जागांसाठी मत द्यावयाचे कोणी? खेड्यात ज्याच्या नावावर ठराविक साऱ्याची जमीन असेल त्याने. ज्याच्या घरी फक्त किंकरे, वाकस आणि ऐरण, त्या सुतारलोहारास कोण विचारतो? दुसऱ्याच्या बांधावर राबणारा मजूर तर हिशेबातच नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळाले. १९८९ पासून अठरा वर्षांच्या पोरापोरींसही मिळाले. आमच्या आजोबांस सारा भरूनही जे लाभले नाही, ते आज भूमिहीन विधवेच्या हाती आहे. ते पाकिटात घालून विकावयाचे की काय?

मत कसे मागावे व कसे द्यावे, याचा एक दाखला सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात आहे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी स्वराज्याच्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष काढला. त्या पक्षाचे वकील गणपतराव देशमुख १९६२ साली सांगोल्यातून प्रथम निवडून आले. तालुका कायमचा अवर्षणाचा. त्यानंतर ते एकंदर अकरा वेळा आमदार झाले, दोनदा मंत्रीही झाले, आणि तरी एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणूनच लोक त्यांस ओळखीत. पक्षांतराच्या बाजारात त्यांनी आपला पक्ष कधी सोडला नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले.

परंतु आम्हांस त्यांच्या विजयांहून पराभव अधिक बोलके वाटतात. १९७२ साली ते पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांस पुन्हा पाठविले. १९९५ साली ते अवघ्या १९२ मतांनी पडले. १९९९ साली पुन्हा निवडून आले. पडलेला उमेदवार तालुक्यातच राहिला, म्हणून लोकांस तो पुन्हा सापडला. नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह आटपाडीच्या पाणीपरिषदेत दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेचे पाणी मागणे, सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी चालविणे, ही कामे निवडणुकीच्या पंधरा दिवसांत होत नाहीत. खरा प्रचार तो हाच. मधल्या पाच वर्षांत जो दिसला नाही, त्याने शेवटच्या पंधरवड्यात शंभर गाड्या फिरविल्या तरी तो प्रचार नव्हे, ती वरात होय.

कोणी म्हणेल, तुम्ही एका माणसाची आरती करता. तसे नाही. पन्नास वर्षे पाणी मागावे लागले हीच गोष्ट आमदाराच्या हातात किती थोडे असते ते दाखविते. शिवाय २०१९ साली त्याच जागेवर त्यांचे एक नातू उभे राहिले व ७६८ मतांनी पडले. २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख उभे राहिले व निवडून आले. नातवाने उभे राहू नये असा कायदा नाही, आणि लोकांनी निवडले ते लोकांच्या मर्जीने. पण आमचा नियम सर्वांस एकच. आजोबांचे नाव हे ओळखीपुरते. मत मिळावयाचे ते स्वतःच्या कामावर. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. ती वतने मोडून आमदारकीचे नवे वतन बांधावयाचे असेल, तर एवढी खटपट केली कशाला? राज्यात आज कितीएक मतदारसंघ बापाकडून लेकाकडे, काकाकडून पुतण्याकडे असे चालले आहेत. तेथल्या मतदारांनी हा प्रश्न स्वतःस विचारावा.

आता पाकिटाचा हिशेब करू. कोणी पाचशे रुपये दिले, तर पाच वर्षांचे दिवस १,८२६. दिवसाला पडले सत्तावीस पैसे. एवढ्यात काडेपेटीही येत नाही! विधानसभेच्या उमेदवारास खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख रुपये आहे. त्याहून अधिक जो उधळतो तो ते कोठून तरी भरून काढणारच. तुमच्या रस्त्याच्या डांबरातून आणि तुमच्या बंधाऱ्याच्या सिमेंटातून. शिवाय मतासाठी पैसा देणारा व घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. देणाऱ्यास वकील मिळेल. घेणाऱ्याची मात्र एक म्हैस विकावी लागेल.

तेव्हा करावे काय? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वाडीने चावडीवर एक वही ठेवावी. उमेदवार आला की त्यास घोंगडीवर बसवावे, पाणी द्यावे आणि वही उघडावी. मागचा आमदार असेल तर विचारावे : वर्षाला पाच कोटींचा जो आमदार निधी असतो, त्यातला आमच्या गावात किती आला व कोणत्या कामास? विधानसभेत आमच्या पाण्याविषयी, कांद्याच्या भावाविषयी, मागावरच्या विजेच्या दराविषयी आपण कोणते प्रश्न विचारले? नवा असेल तर विचारावे : निवडणूक नसताना आपण कोठे होता? उमेदवारास आपली मालमत्ता व आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. ते पत्र कोणासही वाचावयास मिळते. घरातल्या शाळकरी मुलीने ते मोठ्याने वाचावे व सर्वांनी ऐकावे. एक गोष्ट मात्र आपणही समजून घ्यावी. गटार व दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम. आमदाराचे काम कायदे करणे, राज्याच्या तिजोरीवर लक्ष ठेवणे आणि आपल्या भागाचे गाऱ्हाणे तेथे मांडणे. लग्नात आहेर आणला म्हणून कोणी चांगला आमदार होत नाही.

आमच्या भगिनींस दोन शब्द वेगळे. घरधनी सांगतील तेथे बोट दाबावयाचे, ही रीत सोडा. मतदान गुप्त असते. यंत्राशेजारी चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती फक्त तुम्हांसच दिसते. हंडा घेऊन कोसभर चालणारीस पाण्याचा प्रश्न जेवढा कळतो, तेवढा पारावर बसणाऱ्यास कळत नाही. एकही उमेदवार पसंत नसेल तर २०१३ पासून 'नोटा'चे बटणही आहे. पण घरी बसू नका.

आपल्या एका मताने काय होणार, असे म्हणणाऱ्याने १९२ हा आकडा ध्यानात ठेवावा. एका लहानशा वाडीची तेवढी मते असतात. त्या वर्षी अशी एक वाडी बाजारास गेली असेल किंवा पंगतीला बसली असेल, आणि तालुक्याचा निकाल फिरला असेल. पेरणीच्या वेळी बी पारखून घेणारा शेतकरी मत देतानाच डोळे का मिटतो? पीक तर पाच वर्षे त्यालाच खावयाचे आहे.