विश्लेषण : वीजबिलाची तक्रार फोनवर का संपत नाही?

एरवी हजार-बाराशेचे बिल येणाऱ्या घरात एखाद्या महिन्यात सहा हजारांचे बिल येऊन पडते. ग्राहक सेवा केंद्राला फोन केला की ‘तक्रार नोंदवली आहे’ असे उत्तर मिळते. चार-आठ दिवसांत ‘तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा एसएमएसही येतो. बिल मात्र सहा हजारांचेच राहते. अशा वेळी बहुतेक ग्राहक एकतर मुकाट्याने पैसे भरतात किंवा रागाने बिल थकवतात. दोन्हींत नुकसान ग्राहकाचेच आहे. कायद्याने यापलीकडची वाट दिली आहे. ती फोनपासून सुरू होते, पण फोनवर संपत नाही.

फोन कोणाला करायचा?

आधी आपण कोणाचे ग्राहक आहोत हे बिलावर पाहावे. राज्याच्या बहुतांश भागात वीज महावितरण पुरवते. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर आहेत. भिवंडीत महावितरणच्या वतीने टोरंट काम पाहते. १९१२ हा क्रमांक वीज तक्रारींसाठी देशभर राखून ठेवलेला आहे. महावितरणचे १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे टोल फ्री क्रमांकही आहेत. क्रमांक बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपवरूनच घ्यावा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ असे शोधून समोर येईल तो नंबर फिरवणे धोक्याचे आहे, कारण असे बनावट नंबर पेरूनच अनेकांना गंडा घातला गेला आहे.

फोन करण्याआधी हाताशी काय असावे?

महावितरणच्या बिलावर १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि ४ अंकी बिलिंग युनिट असते. या दोन्हींशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. त्यानंतर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि एकूण वापर या तीन नोंदी पाहाव्यात. आता मीटरवर प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकड्याचा फोटो काढावा. मीटरवरचा आकडा बिलातील चालू रीडिंगपेक्षा कमी असेल, तर चूक रीडिंगची आहे. दोन्ही आकडे जुळत असूनही वापर अवाजवी वाटत असेल, तर मीटर तपासणीची मागणी करावी लागते. ‘बिल जास्त आले’ ही ढोबळ तक्रार झाली. ‘बिलात चालू रीडिंग ४८२० आहे, मीटरवर आज ४५१० आहे’ अशी तक्रार टाळता येत नाही.

फोनवर काय सुटते, काय सुटत नाही?

वीज गेल्याची नोंद, बिलाची प्रत, मोबाइल क्रमांकाची नोंदणी, अर्ज कुठवर आला याची माहिती ही कामे फोनवर किंवा अ‍ॅपवर होतात. विजेचे दर मात्र सेवा केंद्राच्या हातात नसतात. ते राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. बिलातील रक्कम कमी करण्याचा अधिकारही फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला नसतो. तो तक्रार संबंधित कार्यालयाकडे पाठवतो. त्याच्यावर चिडून काही साधत नाही. त्याच्याकडून एकच गोष्ट हक्काने घ्यायची, ती म्हणजे तक्रार क्रमांक. तारीख आणि क्रमांक लिहून ठेवा. त्याशिवाय केलेल्या फोनला पुढे कुठेच किंमत नाही.

जोडणी कोणाच्या नावावर आहे, हाही कळीचा मुद्दा आहे. अनेक घरांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या पश्चात वर्षानुवर्षे बिल त्यांच्याच नावाने येत राहते. नोंदवलेला मोबाइल क्रमांकही कधीचा बंद पडलेला असतो. मग बिलाचा एसएमएस आणि थकबाकीची सूचना भलत्याच ठिकाणी जातात आणि खात्यात साधा बदल करायलाही अडचण येते. नावात बदल करून घेण्याचे काम वाद उभा राहण्याआधीच उरकलेले बरे.

सरासरी बिलाचे गणित काय?

मोठ्या बिलांच्या तक्रारींत सरासरी बिल हे एक नेहमीचे कारण असते. घर बंद होते, मीटरपर्यंत पोहोचता आले नाही किंवा मीटर नादुरुस्त होता, अशा कारणांनी रीडिंग झाले नाही तर आधीच्या वापरावरून अंदाजे बिल दिले जाते. पुढे खरे रीडिंग झाले की राहिलेले सगळे युनिट एकदम समोर येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रीडिंग थांबले, तेव्हा राज्याने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. हिवाळ्यातील कमी वापराच्या सरासरीवर उन्हाळ्याची बिले निघाली आणि जूनमध्ये उरलेला फरक एकदम अंगावर आला.

अशा बिलात एक गोष्ट नक्की तपासावी. घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातो. तीन महिन्यांचे युनिट एकाच महिन्याचे धरले तर दर वरच्या टप्प्यात जातो. म्हणून ते युनिट तितक्या महिन्यांत विभागून आकारले आहेत का, हे विचारावे. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिले देता येत नाहीत. अपवादात्मक परिस्थिती नसताना हा प्रकार दोन देयक फेऱ्यांपुढे चालू राहिला, तर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत ग्राहक पैसे नाकारू शकतो. २०२४ च्या दुरुस्तीनुसार, मीटरचे रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा असतो आणि किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा असतो. नव्या मीटरबद्दल शंका असणाऱ्यांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

वाद सुरू असताना बिल भरायचे का?

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम वादग्रस्त असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘आक्षेप कायम ठेवून’ भरता येते. तसे लेखी कळवून पैसे भरल्यास वाद निकाली निघेपर्यंत त्या थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिल सरसकट थकवण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी कंपनीच्या स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार देण्याची. सोबत बिलाची प्रत, मीटरचा फोटो आणि फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक जोडावा. आपल्याकडच्या प्रतीवर पोहोच घ्यायला विसरू नये. तिथे समाधान झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मंच कंपनी स्थापन करते, पण तो आयोगाच्या नियमांनी चालतो आणि त्यात ग्राहकांचा प्रतिनिधीही असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जावे लागते आणि मंचाने साधारण ६० दिवसांत निकाल देणे अपेक्षित असते. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. यासाठी वकील लावण्याची गरज नाही. मात्र वीजचोरी किंवा अनधिकृत वापराची प्रकरणे या मंचाच्या कक्षेत येत नाहीत.

‘आज रात्री वीज तोडली जाईल’ या संदेशाचे काय?

‘मागील बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असे संदेश गेली काही वर्षे फिरत आहेत. फोन करणाऱ्याला अ‍ॅप डाउनलोड करायला लावायचे आणि खाते रिकामे करायचे, ही त्यांची पद्धत. १५ दिवसांच्या लेखी नोटिशीचा नियम ज्याला माहीत आहे, त्याला हा संदेश वाचताक्षणी खोटा वाटेल. वीज कंपनी वैयक्तिक मोबाइलवरून पैसे मागत नाही, ओटीपी विचारत नाही, अ‍ॅपची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची आहे का?

हे सारे ग्राहकाने पाठ करावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची घाई कोणालाच दिसत नाही. बिल भरण्याची आठवण करणारे संदेश वेळच्या वेळी येतात. तक्रार बंद झाल्याच्या संदेशात मात्र ती कोणत्या कारणाने बंद झाली आणि पटले नाही तर पुढे कुठे जायचे, हे ठळकपणे सांगितले जात नाही. या दोन ओळी जोडायला नवी यंत्रणा लागत नाही. ग्राहकाने ‘समाधान झाले’ असे कळवल्याशिवाय बिलाची तक्रार बंद करू नये, असा दंडक आयोगाने घालून द्यावा. किती तक्रारी मिटल्या यापेक्षा किती ग्राहकांचे समाधान झाले, हा आकडा कंपन्यांना दर महिन्याला जाहीर करायला लावावा. तोवर ग्राहकाच्या हाती राहते ते तक्रार क्रमांक, मीटरचा फोटो आणि पोहोच घेतलेला कागद. ते जपून ठेवलेले बरे.