काकांची पॉलिसी, आपला टॅक्स

फेब्रुवारी उजाडला की प्रत्येक ऑफिसात दोन गोष्टी फिरायला लागतात. अप्रेझलच्या अफवा आणि ओळखीतले पॉलिसीवाले काका. ‘मार्चएंड आला, ८०सीचं काय केलंस?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. एरवी मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू वाचणारी मंडळी इथे निमूट चेक फाडतात.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचंच घ्या. २०२५-२६ साठी पगार ११ लाख. बाबांच्या मित्राने तिला वर्षाला ६० हजार हप्त्याची एंडोमेंट पॉलिसी दिली. मुदत १५ वर्षं, म्हणजे एकूण ९ लाख भरायचे. विमा किती? ६ लाखांचा! तिच्या एका वर्षाच्या पगाराएवढाही नाही. ‘पण टॅक्स वाचतो ना,’ ती म्हणाली. मग आम्ही कॅल्क्युलेटर काढला.

२०२३-२४ पासून नवी करपद्धत ही डिफॉल्ट आहे. तिच्यात ८०सी नाही, घरभाड्याची सवलतही नाही. पण २०२५-२६ साठी ७५ हजारांची स्टँडर्ड वजावट आहे आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट. म्हणजे मॅडमचा टॅक्स शून्य. जुन्या पद्धतीत ८०सीचे दीड लाख पूर्ण भरूनही, इतर वजावट नसेल तर, सेससकट ९६,२०० रुपये जातात. थोडक्यात, जो टॅक्स लागणारच नव्हता तो वाचवायला ती १५ वर्षं बांधली गेली होती.

सुदैवाने पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला ‘फ्री लूक’ म्हणतात, आणि काका हा शब्द सहसा उच्चारत नाहीत. तिने परत केली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, कारण काका दर रविवारी घरी चहाला येतात. हा खर्च कुठल्याच फॉर्ममध्ये दाखवता येत नाही! त्या पैशांतून तिने आई-बाबांचा मेडिक्लेम घेतला, त्यावर टॅक्सची सवलत नसतानाही. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झालाय, हेही बरंच झालं.)

मग जुनी पद्धत मोडीतच काढायची का? नाही. पण आकडे बघा. पगार १८ लाख असेल तर जुनी परवडायला स्टँडर्ड धरून जवळपास ६ लाख ९२ हजारांची वजावट लागते. गलेलठ्ठ घरभाडं किंवा होम लोन असल्याशिवाय ते जमत नाही. भाड्याच्या खोट्या पावत्यांचा ‘फंडा’ कुणी सुचवला तर हात जोडा. नव्या पद्धतीतही एक गोष्ट चालते, ती म्हणजे कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. एचआरला विचारा. फार कमी लोक विचारतात.

आणि शेअरवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. १२ लाखांचा रिबेट शेअरच्या नफ्यावरच्या टॅक्सला लागू नाही. वर्षाच्या आत लिस्टेड शेअर विकून नफा कमावलात तर त्यावर २० टक्के लागतात. त्यासाठी आयटीआर-१ नाही, आयटीआर-२ भरायचा. ‘मी तर झिरो टॅक्सवाला’ म्हणून तो नफा लपवलात तरी एआयएसमध्ये तो व्यवहार दिसतोच. म्हणून फॉर्म १६ हातात आला की आधी एआयएसशी ताडून पाहा.

ऑफिसात एप्रिलमध्ये कुठलीही पद्धत टिक केलेली असो, पगारदारांना रिटर्न भरताना ती बदलता येते. फक्त मुदतीत, म्हणजे एरवी ३१ जुलैपर्यंत. ती हुकली की जुनी पद्धत त्या वर्षापुरती गेली, वर ५ हजारांपर्यंत लेट फी. आणि सबमिट दाबून लगेच पार्टीला पळू नका. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम आहे.