अट कोणासाठी, निवड कशावरून?

स्मरणिकेत गतकाळाचा गौरव करावा ही रीत आहे, आणि आपल्या निवासी विद्यालयाच्या बाबतीत तो गौरव यथार्थही आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांतील ज्या घरांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी बिऱ्हाड हलते, त्या घरांतील मुले वसतिगृहाच्या आधाराने शिकली, पदवीधर झाली. त्यांतील काही नेट, सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचली. आम्ही येथे लिहीत आहोत ते त्या दाराविषयी. शिकण्याच्या बाकावर बसण्याचा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडवला. शिकवण्याच्या आसनावर बसण्याचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आजचा भेदभाव ‘तुम्ही आम्हांला नको’ असे तोंडाने सहसा बोलत नाही. तो जाहिरातीच्या रचनेत, कामाशी संबंध नसलेल्या अटीत आणि मुलाखतीच्या बंद खोलीत वास करतो. म्हणून समाजाने दोन मागण्यांचा आग्रह धरला पाहिजे. पात्रतेची प्रत्येक अट त्या कामाशी जोडलेली असावी, आणि निवडीचे तसेच नकाराचे कारण लिहून ठेवलेले असावे.

पात्रता मिळवली की भेदभाव आपोआप संपतो, हा समज आपल्या इतिहासाने केव्हाच खोटा ठरवला आहे. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका घेता आली नाही; परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांना वाटले. याच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. मराठवाड्यातील आपल्या पहिल्या पदवीधर पिढीला मिलिंदने केवळ प्रवेश दिला नाही. आपला माणूस प्राध्यापक असू शकतो, हे दृश्यही दिले. त्या दृश्याचे मोल पगाराच्या आकड्यात मोजता येणार नाही.

अटीच्या आडून होणारा भेदभाव केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर या कंपनीच्या वीजनिर्मिती केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेतले जाई. तेथील सर्वांत वरचा पगारही अन्य विभागांच्या सर्वांत खालच्या पगाराहून कमी होता. वंशभेदाला मनाई करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी अमलात आला. बरोबर त्याच दिवशी कंपनीने अन्य विभागांत नव्याने येणाऱ्यांसाठी, शालान्त प्रमाणपत्राच्या जुन्या अटीच्या जोडीला, दोन बुद्धिचाचण्यांची अट घातली. कागदावर ती सर्वांना सारखी होती. परंतु १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात शालान्त शिक्षण पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते, तर कृष्णवर्णीय पुरुष अवघे १२ टक्के. शिवाय प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार तीच कामे वर्षानुवर्षे व्यवस्थित करीत होते. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज खटल्यात एकमताने निर्णय दिला, की हेतू कोणताही असो, जी अट एका समूहाला बाहेर ठेवते आणि कामाच्या कौशल्याशी जिचा संबंध दाखवता येत नाही, ती अट चालणार नाही. ‘अट सर्वांना सारखीच आहे’ या उत्तरावर प्रश्न संपत नाही, हे त्या निकालाचे सार होय.

आता आपल्या राज्याकडे पाहू. १९८४ साली नागपूर विद्यापीठाने प्राध्यापक, प्रपाठक आणि अधिव्याख्याता यांच्या ७७ पदांची जाहिरात दिली. त्यात राखीव पदांची एकूण संख्या होती. परंतु कोणत्या विषयातील कोणते पद राखीव आहे, याचा उल्लेख नव्हता. उमेदवाराने मग अर्ज कशासाठी करायचा? आणि राखीव पद कोठे भरायचे हे निवड झाल्यावर ठरवण्याची मोकळीक निवडणाऱ्यांना का असावी? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९० साली त्या नेमणुका अवैध ठरल्या. जाहिरातीतील एक गाळलेली ओळ किती मोठा अन्याय घडवू शकते, याचा हा महाराष्ट्रातील धडा आहे.

विषयवार आरक्षणाचा विचार पुढे मात्र उलट्या दिशेने वापरला गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी संपूर्ण संस्थेऐवजी प्रत्येक विभाग हा आरक्षणाचा घटक धरण्याचे आदेश दिले. तेरा बिंदूंच्या नामावलीत अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा, आणि अनुसूचित जमातीचा तर चौदावा. ज्या विभागात चारच अध्यापक, तेथे सातवा बिंदू येण्यासाठी एकामागून एक निवृत्त्यांची, म्हणजे कित्येक वर्षांची प्रतीक्षा. आरक्षण रद्द झाले नव्हते. फक्त मोजण्याची पट्टी बदलली होती. देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी संपूर्ण संस्था हाच घटक ठरवला. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये अध्यापक संवर्गातील आरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. बिंदुनामावली हा कारकुनी कागद आहे असे समजून तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हा घटनाक्रम अवश्य लक्षात ठेवावा.

पात्रतेच्या अटीही स्थिर नाहीत. १८ जुलै २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली, ती मुदत २०२३ पर्यंत पुढे ढकलली गेली, आणि १ जुलै २०२३ पासून नेट, सेट वा स्लेट हीच किमान पात्रता राहिली. या मधल्या काळात किती कुटुंबांनी कर्ज काढून संशोधनाचा खर्च सोसला असेल, याचा विचार करावा. नेट ही लेखी परीक्षा आहे. संगणक उत्तर तपासतो, आडनाव तपासत नाही. मुलाखतीत मात्र आडनाव आधी खोलीत जाते आणि उमेदवार मागाहून जातो.

खरी मेख येथेच आहे. २०१८ च्या विनियमांनुसार शैक्षणिक गुणांकन केवळ मुलाखतीस बोलावण्यासाठी वापरायचे, आणि निवड केवळ मुलाखतीतील कामगिरीवर करायची. म्हणजे वीस वर्षांचा अभ्यास दारापर्यंत नेतो, आणि पंधरा मिनिटांचे संभाषण दार उघडते किंवा बंद करते. आमच्यापैकी काहींना अशा संभाषणात विषयावरील प्रश्नांपेक्षा गावाविषयी आणि ‘मूळचे कोण’ याविषयीच अधिक विचारणा झाली. पुढे उत्तर येते ते ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ या एका ओळीत. नेट उत्तीर्ण, पदव्युत्तर पदवी प्रथम श्रेणीत, अध्यापनाचा अनुभव, तरीही अयोग्य. तर कोणत्या निकषावर, हे सांगण्याचे बंधन निवड समितीवर असलेच पाहिजे.

गुणवत्तेचे काय, असा प्रश्न येथे विचारला जातो आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. अध्यापकाला विषय यावा, शिकवता यावे, संशोधनाची दृष्टी असावी, याबद्दल आमचे दुमत नाही. अज्ञ अध्यापकाचे पहिले नुकसान आपल्याच मुलांना सोसावे लागते. पदव्युत्तर परीक्षेत ५५ ऐवजी ५० टक्के यांसारख्या किमान गुणांतील सवलती वगळता राखीव उमेदवारालाही तीच पदवी आणि तीच परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २०१९ च्या पवित्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की गुणवत्ता म्हणजे केवळ परीक्षेतील क्रमांक नव्हे. समाजात समता आणण्याच्या उद्दिष्टाशीही तिचा संबंध आहे. गुणवत्तेचा खरा आग्रह असणाऱ्याने गुणपत्रक लपवण्याचे कारणच नाही.

दुसरी अडचण अधिक मूक आहे. ४ मे २०२० रोजी राज्य शासनाने नव्या पदभरतीला स्थगिती दिली. पुढे महाविद्यालयीन अध्यापकांच्या २,०८८ पदांना मुभा मिळाली. पूर्णवेळ पद रिकामे ठेवून तासिका तत्त्वावर काम भागवले की पदाचा बिंदूही रिकामाच राहतो. उच्चशिक्षित तरुण तासांच्या मानधनावर उमेदीची वर्षे घालवतो आणि वयाची चाळिशी गाठतो. रिकामे पद हेही नाकारलेले पदच होय.

मग करावे काय? उमेदवारांनी जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर मिळवावे. धर्मांतरित बौद्धांना केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्रीय पदांसाठी लागणारा प्रमाणपत्राचा नमुना राज्याच्या नमुन्याहून वेगळा असतो, हे ध्यानी ठेवून तो आधीच काढावा. जाहिरात निघताच बिंदुनामावली विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाने तपासली आहे काय, हे विचारावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा अनुदानित महाविद्यालयांनाही लागू आहे. निवड समितीचे इतिवृत्त त्याखाली मागता येते. कोणी मागास प्रवर्गातील उमेदवार असल्यास त्या प्रवर्गांचा प्रतिनिधी समितीत असावा, अशी तरतूद आहे. तो होता काय, हेही पाहावे. तक्रार करायची ती कागदांसह आणि मुदतीत करावी. माजी विद्यार्थ्यांतील वकील, प्राध्यापक आणि कर्मचारी यांनी एकत्र येऊन अशा उमेदवारांना मार्गदर्शन करणारे मंडळ विद्यालयाच्या आश्रयाने चालवावे, अशी आमची सूचना आहे.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या घराची. बौद्ध समाज अल्पसंख्याक म्हणून मान्यता पावलेला आहे आणि २०१९ च्या केंद्रीय कायद्यातून अल्पसंख्याक संस्थांना वगळलेले आहे. कायद्याचे बंधन जेथे सैल होते, तेथे नीतीचे बंधन अधिक घट्ट व्हावे. आपल्या समाजाने चालवलेल्या प्रत्येक शाळेने आणि महाविद्यालयाने भरतीपूर्वी निकष फलकावर लावावेत, भरतीनंतर प्रत्येक उमेदवाराचे गुण जाहीर करावेत, आणि नातेवाईक, देणगी, पोटजात यांना निवडीच्या खोलीत प्रवेश देऊ नये. इतरांकडे जी नोंद आपण मागतो, ती आपल्या दप्तरी आधी असली पाहिजे. या विद्यालयातून पुढे जाणाऱ्या मुलामुलींना नकार मिळालाच, तर तो लेखी आणि कारणांसह मिळावा. लिहिलेल्या कारणाला उत्तर देता येते.