कानाशी सगळेच बोलतात

आपल्या नागपुरात सल्ला मागावा लागत नाही. पोराचा बारावीचा निकाल लागला की शेजारचे काकाजी फाटकातूनच विचारतात, "किती पडले? आता पुण्याला धाडून द्या." मुलीचं लग्न लांबलं की दूरच्या मामीजींना पत्रिकेत मंगळ दिसतो. दवाखान्यात भेटायला आलेला माणूस संत्री ठेवतो आणि जाता जाता डॉक्टर बदलायला सांगतो. टेकडीच्या गणपतीला रांगेत उभं राहावं, तर मागचा म्हणतो, "या कामासाठी कोराडीला जा न भाऊ!" यातलं बरंचसं आपुलकीचं असतं, नाही असं नाही. पण देवापुढे हात जोडले तरी डोक्यात हीच माणसं बोलत राहतात आणि आतून उठलेला आवाज देवाचा की मामीजींचा, तेच उमगत नाही.

अशा वेळी मला कवी नारायण वामन टिळकांची हकिकत आठवते. ती घडली आपल्याच रेल्वेमार्गावर. टिळक काही काळ नागपुरात होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला. १८९३ साली ते राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा पाद्री होता. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरण्याआधी पाद्र्यानं टिळकांना बायबल दिलं, देवाकडे प्रकाश मागून ते वाचा म्हणाला आणि वर भाकीतही केलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल! न मागता दिलेला याहून मोठा सल्ला कोणता?

टिळकांनी पुढे काय केलं, ते बघा. डब्यातला माणूस बोलला म्हणून ते लगेच धावले नाहीत आणि परका धर्म म्हणून पुस्तक फेकूनही दिलं नाही. वाचलं. आधी नेटानं, मग मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं तेव्हा ओढीनं. मनाशी वाद घातला, प्रार्थना केली. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर आजही घराघरांत दोन मतं पडतील. मला तो वाद उकरायचा नाही. हिंदू असा, बौद्ध, मुसलमान की ख्रिस्ती, घ्यायचं ते एवढंच, की सल्ला ऐकणं आणि सल्ल्याप्रमाणे वागणं या दोहोंच्या मध्ये त्यांनी पुरेसा काळ जाऊ दिला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला खरी मोलाची वाटते ती पुढचीच. टिळकांना देवाचा मार्ग सापडला असेल, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे बऱ्याच काळानं नवऱ्याकडे गेल्या त्याही आपलं सोवळं आणि वेगळी चूल सांभाळून. नवऱ्याला उमगलं ते त्यांनी मुकाट आपलं मानलं नाही. जातपात देवानं केली की माणसानं, याचा विचार त्यांनी स्वतः केला. पटलं तेव्हाच, १९००च्या सुमारास, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी इतक्या हसतखेळत लिहिलंय, की वाचताना दुःख उशिरा ध्यानात येतं.

म्हणून म्हणतो, "देवानं मला तुझ्याबद्दल सांगितलं" असं कुणी म्हणालं, की जरा थांबा. बाबा असो, बुवा असो, पाद्री असो की सासरेबुवा. देवाला तुमच्याशी बोलायचं असेल तर तुमचा पत्ता त्याला ठाऊक आहे. आणि तुम्ही कर्ते असाल, तर स्वतःचा कौल बायकोमुलांच्या गळ्यात बांधू नका.

मग ओळखायचं कसं? पक्की खूण कुणाकडेच नाही. पण काही गोष्टी मी बघतो. सांगणारा आजच्या आज करा म्हणतो का? घाई बहुधा माणसाची असते, देवाला गाडी पकडायची नसते. सल्ल्याच्या मुळाशी "लोक काय म्हणतील" आहे का? असेल तर तो लोकांचा आवाज, नावच सांगून आलेला. शेवटी, त्याची किंमत कोण मोजणार? आतून आलेली हाक सहसा आपल्याच खिशात, आपल्याच अहंकारात हात घालते: माफी माग, भावाची वाटणी नीट कर, म्हाताऱ्या आईला आपल्याकडे ठेव. फुकटचा सल्ला मात्र नेमका आपल्या सोयीचं सांगतो, नाहीतर दुसऱ्याच्या पैशानं शहाणपण करतो. जी हाक फक्त माझ्याच फायद्याची निघते, तिच्यावर मी तरी चटकन विश्वास ठेवत नाही.

याचा अर्थ कान बंद करा असा नाही. डॉक्टर, वकील, बँकेतला जाणकार यांचं त्यांच्या विषयातलं ऐकाच. औषध घ्यायचं की नाही हे गाभाऱ्यात विचारायला जाऊ नका. तुमचं बरंवाईट दोन्ही पाहिलेलं आणि तुमच्याकडून काही नको असलेलं एखादं माणूस असेल, तर त्याच्याकडे आपणहून जा. बाकीच्यांना हसून "विचार करतो जी" म्हणा, चहा पाजा आणि खरंच विचार करा. पहाटे, घर उठायच्या आधी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून थोडं बसा. पहिल्या दिवशी काहीच ऐकू येणार नाही, काकाजीच बोलतील. त्यांना बोलू द्या, थकतील. आठवडे गेले, राग निवला, भीती ओसरली, तरी जे तसंच टिकून राहिलं, त्याच्याकडे लक्ष द्या.

आणि हो, आपणही कुणाचे तरी काकाजी, मामीजी असतोच. पुढच्या वेळी कुणाच्या घरी निकाल, आजारपण किंवा मोडलेलं लग्न असेल, तेव्हा भेटायला जरूर जा, डबा न्या, दवाखान्यात रात्र काढा. मत मात्र विचारल्याशिवाय देऊ नका.