ट्रॅक्टरचे काळीज, मोटारीचा पत्रा



मागच्या खेपेला इंजिनाचे लायनर झिजले हे कसे ओळखावे ते लिहिले होते. त्यावर एका भगिनीचे पत्र आले आहे. सासऱ्यांनी घेतलेला पेट्रोलवरचा करडा फर्ग्युसन त्यांच्या गोठ्यामागे उभा आहे. भंगारवाला वजनावर मागतो, दीर म्हणतात देऊन टाका. 'एवढे जुने यंत्र जगात कुणी सांभाळते का हो?' असे त्यांनी विचारले आहे.

सांभाळतात, आणि कोण सांभाळतात ते ऐकलेत तर हसाल. याच इंजिनाचा सख्खा भाऊ पोटात घेतलेली दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार इंग्लंडात लोक सत्तर वर्षे जपून आहेत. तिचे नाव ट्रायम्फ टीआर-२. आज तिच्याविषयीच सांगतो. पत्राचे उत्तर ओघाने येईल.

गोष्ट कॉव्हेंट्री गावची. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तिथल्या स्टँडर्ड मोटार कंपनीचा कारभार सर जॉन ब्लॅक पाहत होते. त्यांच्या हाती बॅनर लेनचा मोठा कारखाना होता, आणि हॅरी फर्ग्युसन यांच्याजवळ ट्रॅक्टर होता पण इंग्लंडात कारखाना नव्हता. दोघांचे जमले आणि १९४६ पासून तिथून टीई-२० ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. दहा वर्षांत पाच लाखांवर झाले. १९५८ च्या ४ जानेवारीला एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच फर्ग्युसनवर. पहिल्या ट्रॅक्टरांना अमेरिकन इंजिन होते. पुढे स्टँडर्डने स्वतःचे चार सिलिंडरचे घातले. तेच इंजिन त्यांच्या व्हॅनगार्ड मोटारीत. ती मोटार आपल्याकडे मद्रासलाही जुळवली जात असे. फुगीर पाठीची ती गाडी जुन्या मंडळींना आठवत असेल.

याच कंपनीने १९४४ साली बुडालेली ट्रायम्फ कंपनी विकत घेतली होती. ब्लॅकसाहेबांना अमेरिकेत खपेल अशी स्वस्त, हलकी मोटार हवी होती. नवे इंजिन करायचे तर पैसा लागतो, म्हणून घरातलेच उचलले. सिलिंडरचा बोअर ८५ मिलिमीटरवरून ८३ वर आणला, म्हणजे इंजिन दोन लिटरच्या आत बसले. दोन कार्बोरेटर लावले, दाब वाढवला. ट्रॅक्टरात अठ्ठावीस घोड्यांच्या आसपास जोर देणारे हे इंजिन मोटारीत ४८०० फेऱ्यांना नव्वद घोडे देऊ लागले. आणि गाडीचे वजन टनाच्या आत. ज्या ट्रॅक्टरचे काळीज तिने घेतले, त्या ट्रॅक्टरहून ती हलकी!

पहिला नमुना १९५२ च्या प्रदर्शनात मांडला, तो मात्र फसला होता. केन रिचर्डसन नावाच्या अनुभवी माणसाला चालवायला दिला. त्याने आढेवेढे न घेता सांगितले की हा मृत्यूचा सापळा आहे. आपल्याकडे असे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दार दाखवले असते. कंपनीने त्यालाच कामाला ठेवले आणि काही महिन्यांत चासी नव्याने केली. १९५३ च्या मे महिन्यात बेल्जियममधल्या जाबेक इथल्या सरळ रस्त्यावर रिचर्डसननेच ती गाडी, वारा कापावा म्हणून थोडी सजवून, ताशी १२४ मैलांनी पळवली. म्हणजे दोनशे किलोमीटर.

आता ती चालवायला कशी? बैठक इतकी खाली की हात बाहेर सोडला तर रस्ता फार दूर राहत नाही. दारे मधे खोल कापलेली, काचा वर-खाली होत नाहीत. पावसात बाजूचे पडदे खोचायचे आणि कापडी टप ताणायचा, तरी पाणी मांडीवर येतेच. चार माणसांच्या घराने घेण्याची ही गाडी नव्हे. पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाही. पूर्ण थांबावे, नाहीतर डबल क्लच मारावा. जुना ट्रक चालवलेल्याला हे शिकवावे लागणार नाही. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, आणि चासीचे पट्टे मागच्या आसाखालून जातात. त्यामुळे आस खाली उतरायला फार वाव नाही. ओल्या वळणावर जोर दिला की आतले चाक उचलते, जागीच फिरते आणि शेपूट बाहेर जाते. हलक्या गाडीचे सुख सगळे चालकाच्या हातात आणि दुखणेही तिथेच. सुरुवातीला ब्रेक चारही चाकांना ड्रमचे होते. १९५६ मध्ये टीआर-३ ला पुढे डिस्क ब्रेक आले, ते फार बरे झाले.

सांभाळण्याकडे वळू, कारण आपल्या कामाचे ते आहे.

या इंजिनाचे लायनर ओले असतात. म्हणजे ब्लॉकमध्ये सुटा नळ उभा केलेला आणि त्याच्या अंगाला थेट पाणी खेळते. झिजला तर ब्लॉक बोअर करायला शहरात न्यायला नको. जुना उपसायचा, नवा लायनर-पिस्टनचा संच घालायचा. मालकाला घरच्या शेडमध्ये जमते. गाडी एवढी वर्षे टिकली त्याचे माझ्या मते हे पहिले कारण. ८३ चे झिजले की काही जण ८७ मिलिमीटरचे संच घालतात, म्हणजे इंजिन दोन लिटरवरून सव्वादोनच्या जवळ जाते.

पण यात एक खोच आहे. लायनरच्या बुडाशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे पातळ गॅस्केट असते, दोन लायनरांना मिळून एक. लायनर बसल्यावर त्याचे तोंड ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊ राहिले पाहिजे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने मोजावे. कमी असेल तर हेड कितीही आवळा, पाणी ऑइलमध्ये उतरणार. ऑइलची पट्टी ओढली आणि रंग दुधाच्या चहासारखा दिसला तर समजा, घात झाला. जिथे गॅस्केट बसते त्या कडेवर गंजाचा एक कण राहिला तरी हाच प्रकार.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची. ऐन विशीत असताना एका फर्ग्युसनचे हेड मी उतरवले. लायनर ठीक होते, फक्त व्हॉल्व घासायचे होते. पिस्टन वर आणावा म्हणून हँडल फिरवले. वर येणाऱ्या पिस्टनने लायनर केसभर उचलला आणि खालचे बसलेले गॅस्केट सुटले. व्हॉल्वचे काम एका दिवसाचे, ते आठवड्याचे झाले आणि मालकाची पेरणी दुसऱ्याच्या औतावर झाली. हेड काढल्यावर जाड वॉशर आणि नट लावून लायनर दाबून ठेवावेत, मगच हँडलला हात लावावा. टीआरचे मालकही हेच करतात.

ब्लॉकमध्ये मागच्या बाजूला वर्षानुवर्षांचा गाळ बसतो आणि पाणी काढायची तोटी बुजते. तोटीतून पाणी आले नाही म्हणजे आत पाणी नाही असे समजू नये, तारेने टोचून पाहावे. दोन्ही कार्बोरेटर सारखे ओढतात का, हे तिथले मालक रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ऐकतात. दोन्हीकडचा फुसकारा सारखा आला की झाले. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस गन वेळच्या वेळी लागते. ती टाळली तर गाडी हलकी असूनही स्टिअरिंग नांगरासारखे जड होते.

इंजिनापेक्षा मोठा शत्रू गंज. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चासीच्या पेटीत शिरते आणि वरून रंग चकचकीत असताना आतून पत्रा खाते. म्हणून कित्येक मालक हिवाळाभर गाडी बाहेर काढीतच नाहीत. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, फार बदल केलेले नसतील तर, २०१८ च्या मे पासून तिथे सरकारी वार्षिक तपासणी सक्तीची नाही. मला हे फारसे पटत नाही. तपासणी गेली तरी ब्रेकचे पाइप गंजायचे थांबत नाहीत.

अलीकडचे दुखणे पेट्रोलचे. २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, आणि ते हवेतली ओल धरते. मालकांनी नळ्या बदलल्या, कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल भरू लागले. आपण ऊस पिकवणारे, आपल्याला इथेनॉलचे कौतुक असायचेच. पण आपल्या पेट्रोलमध्ये आता ते वीस टक्क्यांपर्यंत आहे, तेव्हा घरात जुनी मोटारसायकल असेल तर नळी एकदा बोटाने दाबून पाहा.

सुटे भाग मिळतात का? मिळतात, कारण मालक एकत्र आले. १९७० साली त्यांनी टीआर रजिस्टर नावाचा संघ काढला. दहा घरी दहा गाड्या असतील तर गॅस्केट बनवणारा टिकतो.

तर भगिनी, तुमचा ट्रॅक्टर ठेवाच असे मी इथे बसून सांगणार नाही. ब्लॉक तडकला असेल तर भंगारवाल्याचा भाव योग्यही असेल. पण न बघता देऊ नका. दिरांना सांगा, चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे पातळ ऑइल घालावे आणि आठ दिवस तसेच ठेवावे. हेड मुळीच उतरवू नये. मग गिअर न्यूट्रलला ठेवून हँडल हाताने हळू फिरवून पाहावे, जोर करू नये. आणि ऑइलची पट्टी ओढून रंग बघावा. काय दिसले ते पत्राने कळवा, मग पुढे काय करायचे ते ठरवू.