पोलाद आणि चुना

गेल्या महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरांत एक लहानसा अपघात घडला. धिरड्यांचा जुना बिडाचा तवा वरच्या फळीवरून निसटला आणि फरशीवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. त्याच धांदलींत विळीहि खालीं आली. पण तिच्या पात्याला साधा पोंचाहि आला नाहीं. तेव्हां आमच्या पुतणीनें विचारलें, "काका, दोन्ही लोखंडाचींच ना? मग एक फुटलें आणि दुसरें कां नाहीं?" तव्याबद्दल हळहळणाऱ्या वडील मंडळींना हा प्रश्न त्या वेळीं रुचला नाहीं, परंतु आमच्या मनांत तो घर करून राहिला.

खाणींतला तांबडा दगड, कोक आणि चुनखडी हीं उंच झोतभट्टींत घालून खालून तापलेल्या हवेचा झोत सोडला म्हणजे वितळलेलें लोखंड तळाशीं जमतें. पण कोकच्या सहवासानें त्यांत शेंकडा चारच्या सुमारास कर्ब शिरलेला असतो. हेंच बीड. तें साच्यांत उत्तम उतरतें, परंतु घाव सोसत नाहीं. कर्ब बराच खालीं आणला, म्हणजे पोलाद झालें. आगगाडीच्या रुळांत तो पाऊण टक्क्याच्या आसपास असतो. तेव्हां पोलाद करणें म्हणजे बहुतांशीं काढून टाकणेंच होय.

१८५६ सालीं इंग्लंडांत हेन्री बेसेमर यानें बिडाच्या रसांतून नुसती हवा फुंकून कर्ब जाळून दाखविला. वेगळें जळण नको, आणि काम कांहीं मिनिटांचें! कारखानदारांनीं परवान्यासाठीं पैसे मोजले. पण त्यांचें पोलाद थंड झालें कीं ठिसूळ होऊन फुटूं लागलें. बेसेमरच्या बिडांत स्फुरद फार थोडा होता, इतरांच्या बिडांत पुष्कळ. आणि हवेच्या झोतानें तो कांहीं जाईना. पुढें सीमेन्स व मार्टिन यांची उघड्या चुलीची भट्टी निघाली, तिचाहि स्फुरदापुढें इलाज चालेना.

हें कोडें सोडविलें तें लंडनच्या पोलीस कोर्टांतील एका कारकुनानें! सिडनी गिल्ख्रिस्ट टॉमस याचा जन्म १८५० चा. वडील लवकर गेल्यामुळें वैद्य होण्याचा बेत सोडून त्याला चाकरी धरावी लागली. दिवसां कोर्टाचे कागद आणि संध्याकाळीं बर्कबेक संस्थेंत रसायनाचीं व्याख्यानें, असा त्याचा क्रम. (आपल्या घराण्यांतूनहि कारकुनी पिढ्यान्‌पिढ्या चालली, संध्याकाळचे ते दोन तास कोठें गेले, हें ज्याचें त्यानें आठवावें. आम्हीं आमचे आठवून पाहिले, आणि गप्प बसलों.)

त्याचा तर्क साधा होता. स्फुरद जळून आम्लधर्मी होतो. भट्टीचें अस्तरहि वाळूच्या जातीचें, म्हणजे आम्लधर्मीच. मग स्फुरदाला धरून ठेवणार कोण? तो पुन्हां लोखंडांत परततो. अस्तर चुन्याच्या जातीचें केलें आणि आंत चुनाहि टाकला, तर चुना स्फुरदाला पकडून मळींत नेईल. त्याचा मामेभाऊ पर्सी गिल्ख्रिस्ट वेल्समध्यें ब्लेनॅव्हन येथील कारखान्यांत रसायनज्ञ होता. त्याच्या मदतीनें प्रयोग झाले. मार्च १८७८ मध्यें लोहतज्ज्ञांच्या सभेंत टॉमसनें उठून आपली गोष्ट सांगितली, तेव्हां या सत्तावीस वर्षांच्या पोराकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढच्याच वर्षीं मिडल्सबरो येथें मोठ्या भट्टींत प्रयोग साधला आणि परवान्यासाठीं रीघ लागली. परंतु फुप्फुसें खंगलीं होतीं. १८८५ सालीं, पस्तिशीहि न गांठतां, तो वारला.

आपल्याकडे साकची येथें (१९१९ पासून जमशेटपूर) टाटांच्या कारखान्यांत १६ फेब्रुवारी १९१२ रोजीं पहिला पोलादी ठोकळा लाटला गेला. तेथील भट्ट्यांतहि टॉमसच्या चुन्याचाच आश्रय होता. विसाव्या शतकाच्या मध्यास अशा उघड्या चुलींत निळी कांच डोळ्यांपुढें धरल्यावांचून पाहतां येत नसे. आंत सुमारें १६०० अंश सेंटिग्रेड उष्णता! एका घाण्यास आठ-दहा तास लागत. भट्टीवाला मधून मधून लांब दांड्याच्या पळीनें रस काढी, लहान साच्यांत ओती, थिजल्यावर मोडून आंतला कण पाही आणि नमुना प्रयोगशाळेंत धाडी. पाकाची तार पाहणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस यांत नवल वाटणार नाहीं. मात्र येथें पाक बिघडला तर टनांनीं बिघडावयाचा.

साच्यांतून काढलेला ठोकळा बाहेरून निवे, पण गाभा धगधगतच असे. म्हणून त्यास खड्ड्यासारख्या भट्टींत ठेवून उष्णता सारखी मुरूं देत. मग तो प्रचंड लाटण्यांमधून पुढें-मागें जाई, मधून कुशीवर वळविला जाई, आणि लाटण्यांवर कोरलेल्या खांचांतून हळूहळू रूळ वा तुळई आकारास येई. १९४३ सालीं खुल्या झालेल्या हावड्याच्या पुलाचें सुमारें २६,५०० टन पोलाद. त्यांतील २३,००० टन टाटांचें.

१९५२ सालीं ऑस्ट्रियांत लिंझ येथें बिडावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडण्याची रीत सुरू झाली आणि उघड्या चुली जवळजवळ विझल्या. पण त्या नव्या भांड्यांतहि चुना टाकावाच लागतो.

आमच्या घरीं नवा तवा आला आहे. तोहि बिडाचाच, धिरडें दुसऱ्या कशावर तसें सुटत नाहीं, असा घरांतील निर्णय आहे. ठेविला मात्र खालच्या फळीवर आहे.